जंगलाच्या शिवेवरून दोन गावांचा जुना वाद: आधी काय करावं, कशाला थांबावं

गडचिरोलीतल्या एका ग्रामसभेच्या तरुण सचिवानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, नाल्यापलीकडच्या पहाडीवरून आमचं आणि शेजारच्या गावाचं आजोबांच्या काळापासून भांडण आहे. दोन्ही गावं गोंडांची, आपसांत सोयरिकी आहेत. आधी तोंडातोंडी चालायचं. सामूहिक वनहक्काचे दावे टाकले, बांबूचा पैसा दिसायला लागला, तसं वाढलं. यंदा तोडणीच्या वेळी काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. काही जण म्हणतात उपविभागीय समितीकडे जाऊ. काही म्हणतात जीपीएसनं मोजू आणि कायमची रेघ ओढून टाकू. काय करावं?"

भाऊ, जय सेवा.

उपविभागीय समितीकडे, म्हणजे वनहक्काचे दावे तपासणाऱ्या ग्रामसभेच्या वरच्या सरकारी समितीकडे, आत्ता जाऊ नका. जीपीएस घेऊन रेघ ओढायला तर मुळीच निघू नका. दोन्हीची वेळ येईल, पण ती नंतर. सत्तावीस वर्षं धानोरा, कुरखेडा, कोरची या पट्ट्यात गावोगाव बसून हे वाद ऐकले आहेत. घाईनं ओढलेली रेघ एक पावसाळासुद्धा टिकत नाही, हे मी स्वतः चूक करून शिकले. ती चूक पुढं सांगते.

आधी ज्यांची डोकी फुटली त्यांचं बघा. ते दोघं दवाखान्यातून घरी आले का, औषधपाण्याचा खर्च कोणी केला, मजुरी बुडाली ती किती? हे झाल्याशिवाय शिवेचा विषय कुठल्याही बैठकीत काढू नका. दोन्ही गावांतली चार-चार वडीलधारी माणसं आधी जखमींच्या घरी जाऊ देत. तुमच्या गावाची त्यांच्या जखमीकडे, त्यांच्या गावाची तुमच्या जखमीकडे. नुसतं बसायचं, चहा प्यायचा, विचारपूस करायची. पोलिसांत तक्रार झाली असेल तर ती दोन्ही बाजूंनी वाढवत नेऊ नका, पण दडपूही नका. तडजोड कशात होते आणि कशात होत नाही ते वकिलाला विचारा. एक गाव कोर्टाच्या तारखा करतंय आणि दुसरं हसतंय, अशी वेळ आली की शिवेची बोलणी दहा वर्षं मागं जातात.

आता मूळ गोष्ट. शेताला धुरा (बांध) असतो. कोरला तर दिसतो, मोजला तर सापडतो. जंगलाची शिव तशी नसते. आपल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते रेघ सांगत नाहीत, ठिकाणं सांगतात. अमुक नाला, तमुक टेकडीची धार, ती वाकडी मोहाची जोडी, बोडीचा (छोट्या तळ्याचा) पार, पेनठाणा (देवाची जागा). या ठिकाणांच्या मधे काय, असं विचारलं की गप्प बसतात. कारण मधलं जंगल दोघांचं होतं किंवा कुणाचंच नव्हतं, आणि तसं असल्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. गुरं दोन्हीकडची चरायची. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, ज्याला सापडले त्यानं न्यायचे.

रेघेची गरज बाहेरून आली. जमीनदारी आणि मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि ही जंगलं सरकारकडे गेली. वनखात्यानं त्यांचे कक्ष पाडले, क्रमांक घातले, मुनारे (हद्दीचे खांब) रचले. कक्षाची रेघ खात्याच्या कामाच्या सोयीनं गेली, गावाच्या वहिवाटीनं नाही. मग जंगलावरचा गावाचा हक्क मानणारा २००६ चा वनहक्क कायदा आला. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. जिल्ह्यातल्या गावांना कळलं की या जंगलाचा कागदही होतो आणि पैसाही होतो. तेव्हापासून त्या मधल्या गप्प जागेला भाव आला. तुमचं भांडण आजोबांच्या काळाचं आहे हे खरं, पण काठ्या आत्ता निघाल्या. म्हणून पहिला प्रश्न "शिव कुठं आहे" हा नाही. "आजोबांनी काठी का काढली नाही आणि आपण का काढली" हा आहे. आपल्या ग्रामसभेत एक अख्खी संध्याकाळ फक्त या प्रश्नाला द्या. बहुतेक वेळा उत्तर एकाच शब्दात येतं, बांबू. कधी तेंदूची फळी, म्हणजे पान गोळा करायचं ठिकाण. क्वचित एखादा ठेकेदार, जो दोन्ही गावांना "ते जंगल तुमचंच" असं सांगून दोघांकडून स्वस्तात माल उचलतो. तसा कुणी असेल तर नाव घेऊन बोला, लाजू नका.

कायदा काय म्हणतो

वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत नियम १२ चा उपनियम ३ वाचा. दोन गावांच्या पारंपरिक हद्दींचे दावे एकमेकांवर चढत असतील, किंवा एकच जंगल एकापेक्षा जास्त ग्रामसभा वापरत असतील, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, वापर कसा आहे ते तपासायचं आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचा. ग्रामसभांना जमलंच नाही तर मगच तो विषय उपविभागीय स्तर समितीकडे पाठवायचा. म्हणजे संयुक्त बैठक ही कायद्यानं सांगितलेली पहिली पायरी आहे. ती गाळून गेलात तर फाईल परत येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तशीच पडून राहील. वाद आहे म्हणून दोन्ही गावांचे दावे अडकून पडलेले मी पाहिले आहेत. ज्या जागेवर वादच नव्हता तिचासुद्धा कागद मिळेना, आणि त्या वर्षांत बांबू वाळून गेला.

त्या नियमाचे शब्द नीट पाहा. हद्दीबरोबर "वापर" हा शब्द कायद्यानंच आणला आहे. एक जंगल दोन ग्रामसभा वापरू शकतात हे त्याला मान्य आहे. आपल्या विदर्भात तर हे जुनंच आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक (गावाच्या चराई-लाकूडफाट्याच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटींची नोंद) आहेत, आणि एका गावाकडे पडीक जमीन पुरेशी नसेल तर शेजारच्या गावाच्या पडीत हक्क देण्याची तरतूदही तिथंच आहे. तहसील कार्यालयातून दोन्ही गावांच्या निस्तार पत्रकांच्या नकला काढा. आपल्या एकट्या गावाची काढू नका, दोन्हीच्या काढा, आणि त्या आणायला दोन्ही गावांचा एकेक माणूस एकाच मोटारसायकलवर जाऊ दे. त्या नकलेत चराई कुठं, लाकूडफाटा कुठून, वाट कुठून, हे गावाच्या नावानिशी लिहिलेलं असतं. कधी कधी तिथंच वाचायला मिळतं की ज्या पहाडीवरून डोकी फुटली, तिथं दोन्ही गावांचा निस्तार लिहिलेला आहे.

आधी आपल्या गावात

२०१३ साली एका ठिकाणी मी दोन गावांना एका दिवसात समेटाला आणलं. दोन्हीकडचे पाटील, समितीचे अध्यक्ष, पंचवीसेक पुरुष. नाला ही शिव, असं ठरलं, सह्या-अंगठे झाले, जेवणं झाली. मला फार समाधान वाटलं होतं. मार्चमध्ये मोहफूल पडायला लागलं आणि नाल्यापलीकडे फुलं वेचायला गेलेल्या बायांना तिकडच्या पोरांनी टोपल्या उलट्या करून परत पाठवलं. त्या बाया ज्या झाडांखाली वेचत होत्या ती झाडं त्यांच्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून त्या घरांची होती. मोहाचं झाड घरागणिक ठरलेलं असतं, ते शिव बघत नाही. हे त्या बैठकीत कुणी बोललं नाही, कारण वेचणाऱ्या एकीलाही मी बोलावलं नव्हतं. तो कागद त्याच आठवड्यात फाटला आणि पुढची तीन वर्षं त्या गावांत मला शब्द काढायला जागा उरली नाही.

म्हणून सांगते, शेजारच्या गावाशी बोलण्याआधी आपल्याच गावाचं एकमत करा. आपलं गाव या विषयावर एका मनाचं आहे असं समजू नका. बांबू तोडणाऱ्याला रेघ हवी असते, गुराख्याला नको असते. मोह वेचणारीला फक्त तिची आठ झाडं हवी असतात. गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, पेनठाण्यापर्यंतची वाट मोकळी हवी असते. पहाडीवर बेवड (जंगल जाळून केलेली फिरती शेती) केल्याची आठवण असलेलं एखादं घर असतं, त्याचं दुःख वेगळंच. प्रत्येकाला वेगवेगळं भेटा. मेंढा-लेख्यात अभ्यासगट बसतात, म्हणजे निर्णय न घेता नुसतं समजून घेण्यासाठी बसायचं, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं. इथं तीच रीत कामाची आहे. समजून घेण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक एका दिवशी घेऊ नका.

सगळ्यात जास्त माहिती सुनांकडे असते. तुमच्या गावातल्या किती सुनांचं माहेर त्या गावात आहे ते मोजा. एका गावात अशा अकरा जणी निघाल्या होत्या. आम्ही त्यांना गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, चटईवर बसवलं, मधे कागद पसरला आणि त्या पहाडीवरच्या जागांची नावं विचारली. आधी कुणी बोलेना. मग एक जण म्हणाली, "इथं ज्याला वाघडोह म्हणतात त्याला आमच्या माहेरी दुसरंच नाव आहे." आणि तिनं ते नाव सांगितलं. मी चमकले, कारण त्या दुसऱ्या नावाचा डोह शेजारच्या गावानं आपल्या दाव्यात शिवेची खूण म्हणून लिहिला होता. इकडचा डोह आणि तिकडचा डोह वेगळे समजून दोन गावं वर्षानुवर्षं भांडत होती. डोह एकच होता, दोन्ही गावं तीच खूण सांगत होती. त्या एका वाक्यानं निम्मा वाद सरला. तेव्हापासून मी कुठंही गेले की आधी नावांची वही करते. एका बाजूला आपलं नाव, दुसऱ्या बाजूला त्यांचं. नाला, टेकडी, पाणवठा, मोठं झाड, दगड, सगळं.

म्हाताऱ्यांना "शिव कुठं?" असं सरळ विचारू नका. सरळ विचारलं की माणूस गावाची बाजू घेतो. आडून विचारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत कुठवर नेऊन टाकायचे? "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत पोरं जिथं थांबायची ती जागा शिवेचीच असते, कारण घरातली पीडा गावाच्या आत कुणी टाकत नाही. गुरं हरवली तर शोधत कुठवर जायचात आणि कुठून पुढं त्या गावाला निरोप द्यायचा? वणवा लागला तर कुठपर्यंत आपण विझवायचो? बाहेरचं मढं जंगलात सापडलं तर कुणाच्या पाटलाला बोलावणं जायचं? या उत्तरांत खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही. ती तारखेसह लिहून घ्या, खाली अंगठा घ्या. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं हा नियमांत पुरावा मानलेला आहे. चराईच्या जागा, कंदमुळं गोळा करायच्या जागा, पाणवठे, मसणवटी, देवराई हेही तिथं पुरावे म्हणून लिहिलेले आहेत.

शिवार फेरी

धान झोडून झाल्यावर, मोह पडायच्या आधी, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरा. पानगळ झालेली असते, धारेवरून दूरचं दिसतं, आणि लोकांना वेळ असतो. प्रत्येक गावातून आठ-नऊ माणसं पुरतात. दोन-तीन म्हातारे, एक गुराखी, गायता, तीन बाया, वही लिहिणारं एखादं पोर. पुढारी जितके कमी तितकं बरं. ज्या पोरांनी काठ्या उचलल्या त्यातला एकेक दोन्हीकडून घ्या. त्यांना बाहेर ठेवलंत तर ते बाहेरूनच मोडतील.

एकच नियम ठेवा. चालताना वाद घालायचा नाही. कुणी "हे आमचं" म्हणालं की वहीत लिहायचं आणि पुढं चालायचं. शिवेच्या प्रत्येक तुकड्याला तीनपैकी एक खूण करा: दोघांना मान्य, दोघांचं वेगळं म्हणणं, आणि कुणालाच नक्की सांगता येत नाही. सकाळी निघताना वाटतं की सगळीच शिव वादाची आहे. संध्याकाळी वही उघडली की दिसतं, सात-आठ किलोमीटरच्या चालीत खरा वाद एखाद्या किलोमीटरचा आहे. मी केलेल्या फेऱ्यांत हे इतक्यांदा झालंय की आता मी ते आधीच सांगते आणि लोक विश्वास ठेवत नाहीत. जी शिव मान्य आहे तिथं त्याच दिवशी दोन्ही गावांच्या हातांनी दगड रचा. मान्य असलेलं आधी पक्कं करा, उरलेल्याला त्याचा आधार मिळतो.

एका फेरीतलं अजून डोळ्यांसमोर आहे. दोन्ही गावं म्हणत होती, नाला ही शिव. तरी भांडण. नाल्यापाशी पोचलो तेव्हा कोरडा होता. पलीकडच्या गावातला एक म्हातारा गुराखी पात्रातून शंभर-सव्वाशे पावलं वर चालत गेला, करंजीच्या झाडाखाली बसला आणि काठीनं पाला बाजूला करायला लागला. पाल्याखाली गुळगुळीत गोटे निघाले. नदीनाल्यातच असतात तसे, पाण्यानं घासलेले. तो म्हणाला, "मी लहान असताना पाणी इथून जायचं." नाल्यानं पात्र बदललं होतं. जुन्या पात्रात आणि नव्या पात्रात जेवढी जागा होती तेवढाच सारा वाद होता, आणि त्या जागेत बांबूची रांजी (बेटं) सगळ्यात दाट होती, कारण गाळाची जमीन. दोन्ही गावं खरंच बोलत होती. त्या गोट्यांभोवती सगळे थोडा वेळ गप्प उभे होते. मग इकडच्या एका म्हातारीनं एक गोटा उचलून पदरात बांधला, का ते मी विचारलं नाही.

जीपीएसबद्दल

फेरी झाल्यावर जीपीएस घ्या, आधी नाही. मान्य खुणांचे बिंदू नोंदवायला तो चांगला, वाद सोडवायला नाही. हातातलं यंत्र दाट झाडीखाली पाच-दहा मीटर सहज चुकतं. तुम्ही ज्या टोपोशीटवर (सरकारी नकाशावर) दाव्याची रेघ मारली असेल ती १:५०,००० ची असेल, म्हणजे नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर २५ मीटर जाडीची होते. जुन्या शीटच्या मोजणीचा आधार (डेटम) आणि आजच्या यंत्राचा आधार वेगळा असल्यानं नीट जुळवून न घेता बिंदू टाकले तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. हे माहीत नसलेला माणूस स्क्रीन दाखवून "बघा, तुम्ही आमच्यात शिरलात" म्हणतो आणि पुन्हा काठ्या निघतात. यंत्र कुणाचं, चालवलं कोणी, हाही वादच होतो. दोन्ही गावांची पोरं, दोन यंत्रं, एकाच दगडावर उभं राहून नोंद. आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहा, आणि खरी खूण दगडाचीच, असं करारात लिहा.

वादाच्या तुकड्याचं काय करायचं

तो तुकडा वाटू नका. सामाईक ठेवा आणि वापर वाटा. पण "वापर" असं मोघम म्हणू नका, प्रत्येक जिन्नस वेगळा धरा, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

मोहफूल घरागणिक झाडांचं आहे. ते जसं आहे तसं ठेवा. फक्त कुठल्या गावाच्या कुठल्या घराची किती झाडं त्याची यादी करा. वेचणाऱ्या बायांनीच करावी, एका दिवसाचं काम आहे.

तेंदूचा वाद जागेपेक्षा फळीचा असतो. पान कुठं तोडलं यापेक्षा पानांचा पुडा कुठल्या फळीवर गेला, त्यावर पैसा कुठल्या ग्रामसभेला जातो ते ठरतं. सामाईक तुकड्यात ज्यानं तोडलं त्यानं आपल्या गावाच्या फळीवर द्यावं, एवढं पुरतं. मात्र झुडपं छाटायची खुटकटाई दोन्ही गावांनी मिळून करायची आणि मजुरी निम्मीनिम्मी सोसायची. हे लिहिलं नाही तर एक गाव छाटणार आणि दुसरं तोडणार.

बांबू सगळ्यात अवघड, कारण तो एकदा तोडला की त्या जागेला पुढच्या पाळीपर्यंत थांबावं लागतं, आणि रक्कम मोठी. इथं मला टिकलेली पद्धत अशी: दोन्ही गावांच्या तोडणाऱ्यांच्या टोळ्या सारख्या, माल वेगळ्या जागी रचायचा, मोजणीची वही दोघांनी लिहायची आणि रोज संध्याकाळी आकडे जुळवून एकमेकांच्या वहीवर सही. मजुरी ज्यानं तोडलं त्याला. वरची रक्कम दोन ग्रामसभांत निम्मी. मोठं गाव म्हणेल, आमची घरं तिप्पट आहेत, घरागणिक वाटा. ऐकून घ्या, पण मी निम्म्याच्याच बाजूची आहे. ही जागा दोन ग्रामसभांचा दावा म्हणून सामाईक आहे, आणि लहान गावाला एकदा वाटलं की संख्येनं आपल्याला गिळलं, की तो करार मोडला समजा. तोडलेल्या भागात नवे वास्ते येईपर्यंत चराई बंद, आणि वास्ते खायला काढायचे तर किती, हेही ठरवा. हे दोन्ही गावांच्या गुराख्यांनी मान्य केलं तरच चालतं.

पेनठाणा वाटाघाटीत आणू नका. ज्याचा आहे त्याची वाट कायम मोकळी, ज्याच्या बाजूला आहे त्यानं राखायचा. यावर चर्चा होत नाही, फक्त नोंद होते.

आणि वणवा. पहिलं एकत्र काम म्हणून वणव्याची राखण घ्या. तिथं कुणाचं नुकसान नाही, पैशाचा प्रश्न नाही, आणि आग शिव मानत नाही हे सगळ्यांना पटलेलं असतं. दोन्ही गावांची चार-चार पोरं फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत पाळीपाळीनं एकत्र फिरली की त्यांच्यात बोलणं सुरू होतं. करारापेक्षा त्या बोलण्यावर मी जास्त भरवसा ठेवते.

कागद

करार दोन पानांत बसला पाहिजे. जुना इतिहास लिहू नका, "अमुक साली तुम्ही आमची गुरं कोंडली" हे एकदा कागदावर आलं की कायमचं राहतं. मुदत पाच वर्षांची ठेवा, आणि दर जानेवारीला फेरी व बैठक, एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. मोडलं तर कोणी कुणाला किती दिवसांत निरोप द्यायचा आणि निरोप पोचेपर्यंत काय करायचं नाही, ते लिहा. दंड ठरवायचा तर छोटा ठेवा, भरता येईल असा. एक वाक्य नक्की घाला: "या करारामुळे कोणत्याही ग्रामसभेचा शिवेबाबतचा मूळ दावा सुटला असे मानले जाणार नाही." हे वाक्य नसेल तर म्हातारे अंगठा द्यायला कचरतात, त्यांना वाटतं आपल्या हातानं बापजाद्यांची जागा गेली. हे वाक्य वाचून दाखवलं की त्यांचा हात मोकळा होतो.

दोन्ही वनहक्क समित्यांचा संयुक्त निष्कर्ष म्हणून हा कागद आपापल्या ग्रामसभेत ठेवा. गणपूर्ती काटेकोर पाळा: सदस्यांपैकी निम्मे हजर, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. उद्या कुणी हरकत घेतली तर ती आधी इथंच घेतली जाते. ठराव गोंडीत समजावून सांगा आणि मराठीत लिहा. मूळ प्रती दोन्ही गावांत, आणि एक प्रत उपविभागीय समितीला माहितीसाठी. दोन्ही गावांनी आपल्या बिनवादाच्या क्षेत्राचे दावे पुढं रेटायचे, वादाचा तुकडा नकाशावर वेगळ्या रंगानं "सामाईक" दाखवायचा. शेजारच्या गावाला आधीच मिळालेल्या कागदात हा तुकडा कक्षाच्या क्रमांकासकट त्यांच्या नावे गेला असेल तर घाबरू नका. कक्षावरून कागद दिल्यानं असं अनेक ठिकाणी झालंय, त्यात त्या गावाची लबाडी असेलच असं नाही. दुरुस्तीसाठी दोघांचा संयुक्त ठराव जिल्हास्तरीय समितीकडे पाठवा. एकट्यानं मागितलेल्या दुरुस्तीपेक्षा तो कितीतरी सोपा जातो.

एवढं सगळं करूनही नाही जमलं, तर जरूर उपविभागीय समितीकडे जा. ग्रामसभांमधले वाद ऐकणं हे तिचं कामच आहे. तेव्हाही दोघांनी एकच अर्ज करा: इतकं आम्हाला मान्य, एवढ्या तुकड्यावर मतभेद, ही दोघांची म्हणणी, हे पुरावे, यावर निर्णय द्या. वेगवेगळे अर्ज गेले की दोन्ही गावं एकमेकांविरुद्ध वाढवून लिहितात आणि घरी परतल्यावर त्या शब्दांना जागावं लागतं.

या महिन्यात तुम्ही एवढंच करा. जखमींच्या घरी जाणं, दोन्ही निस्तार पत्रकांच्या नकला, आणि तिकडचं माहेर असलेल्या सुनांची बैठक. पहाडीवरची बांबूतोडणी दोन्ही बाजूंनी तोवर थांबवा आणि तसा निरोप तुम्ही आधी पाठवा, त्यांच्याकडून येण्याची वाट बघू नका. नावांची वही झाली की तिचे फोटो मला पाठवा. नाला, डोह आणि टेकड्या यांची दोन्ही गावांची नावं समोरासमोर असू देत. फेरीला मी येईन.